तीनदा मोजा, मोठा आकडा लिहा

माझा पोटापाण्याचा धंदा मोजण्याचा आहे. म्हणजे वस्तू मोजण्याचा नाही, मोजणाऱ्या वस्तू मोजण्याचा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्टीलच्या पट्ट्या, लांबलचक टेपा आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि त्या खरं बोलतात की थापा मारतात हे आम्ही तपासतो. कॅलिब्रेशन म्हणतात त्याला. बारा वर्षं मी २० अंश तापमानाच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आहेत. आणि स्वतःच्या पोराचं डोकं मोजताना मात्र मी पुरती फसले.

मुलगा चौदा आठवड्यांचा होता. लस टोचून घरी आलो, तो रडून रडून झोपला आणि मी त्याचं कार्ड उघडून बसले. वजन ठीक, उंची ठीक. डोक्याचा घेर: ३९.६. मागच्या पानावर, दहाव्या आठवड्याला: ३९.४.

चार आठवड्यांत दोन मिलिमीटर.

या आकड्यांत काय दडलंय ते मला आधीच ठाऊक असायला नको होतं, पण होतं. बाळंतपणाच्या रजेत माणूस वाचतच असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्मताना साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतं. पहिले तीन महिने ते महिन्याला सुमारे २ सेंटिमीटरनं वाढतं, पुढचे तीन महिने एकेक सेंटिमीटरनं, मग वर्षाचं होईपर्यंत महिन्याला अर्ध्या अर्ध्यानं. पहिल्या वर्षात मिळून १२ सेंटिमीटर. त्यानंतर अख्ख्या आयुष्यात मिळूनही तेवढी वाढ होत नाही. म्हणजे चौदाव्या आठवड्याला आमच्या कार्डावर निदान एक सेंटिमीटरची भर दिसायला हवी होती. दिसत होती दोन मिलिमीटरची, आणि मोजणाऱ्या व्यक्तीनं आकडा लिहून कार्ड हातात दिलं होतं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

त्या रात्री मी झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून बोटं फिरवत बसले. पुढची टाळू सापडली: मऊ, चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी, नाडीबरोबर हलकेच उडणारी. जीव भांड्यात पडला. मग मागची टाळू शोधू लागले. ती सापडेना. कवटीच्या मागे, जिथे हाडांच्या शिवणी एकत्र येतात, तिथे सगळं टणक. मी नवऱ्याला उठवलं. "अरे, मागची टाळू भरली." तो म्हणाला, "मग?" मग काय, ते मलाही सांगता येईना.

आता सांगता येईल. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरतेच. पुढची भरायला बहुधा एक ते दीड वर्ष लागतं, काहींना दोन. तिचं त्या रात्री न सापडणं हे अगदी वेळेवरचं होतं. पण रात्री दीड वाजता फोनच्या उजेडात आईला काय काय सापडतं! शिवणी वेळेआधी जुळून येणारा एक विकार असतो, दोन-अडीच हजार जन्मांत एखाद्या बाळाला. आणि त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना: पुढची टाळू उघडी आहे म्हणजे शिवणी उघड्या आहेतच असं धरून चालू नका. वाक्य बरोबरच आहे. फक्त ते वाचायची वेळ चुकीची होती. त्या विकारात नुसता घेर अडत नाही, बहुतेक वेळा डोक्याचा घाटच बदलतो, कारण जी शिवण बंद झाली तिथे वाढ थांबते आणि उरलेल्या शिवणींकडे ती वळते. म्हणून डोकं लांबुळकं होतं, किंवा कपाळ मधोमध कण्यासारखं उभं राहतं. माझ्या पोराचं डोकं छान गोल होतं, उजव्या बाजूला जरा चेपलेलं, कारण तो झोपेत नेहमी खिडकीकडे मान करायचा. पण हे सगळं बघायला मन शांत लागतं.

सकाळी मी शिवणाच्या डब्यातली पिवळी कापडी टेप काढली आणि स्वतः मोजलं. ३९.१! म्हणजे डोकं आता आक्रसतच होतं की काय.

सुदैवानं इतक्या टोकाला गेल्यावर धंद्याची बुद्धी जागी झाली. कवटी आक्रसत नाही. टेप मात्र लांबते. मी ती टेप पर्समध्ये टाकून रजेतच प्रयोगशाळेत गेले. स्टीलच्या पट्टीशेजारी ताणून धरली. पट्टीवर ४०० मिलिमीटर, टेपवर ३९४. वर्षानुवर्षं ओढून ओढून ती सहा मिलिमीटर लांबली होती, तिच्यावरच्या खुणा एकमेकींपासून दूर गेल्या होत्या, आणि म्हणून ती प्रत्येक गोष्ट खरीपेक्षा लहान सांगत होती. हिशेब केला: ३९.१ म्हणजे खरे ३९.७. सहकारी हसले. मीही हसले. चूक सापडली की आमच्या खोलीत एक विशिष्ट समाधान पसरतं.

पण नीट बघितलं तर सापडलं काहीच नव्हतं. ३९.७ म्हणजे कार्डावरच्या आकड्याशी जवळजवळ जुळतच होतं. उलट आता माझा संशय पक्का झाला: दोन वेगवेगळ्या टेपा एकच सांगतायत, म्हणजे खरंच वाढ थांबली.

दुसऱ्या दिवशी आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. वयानं मोठ्या, बोलायला कमी. मी कागदावर तक्ता करून नेला होता, तारखा, आकडे, टेपची दुरुस्तीसुद्धा. त्यांनी तो बघितला, बाजूला ठेवला, आणि म्हणाल्या, "तुम्ही कुठून मोजलंत ते माझ्या डोक्यावर दाखवा."

मी टेप त्यांच्या कपाळावर धरली. अगदी मधोमध, केसांच्या रेषेखाली दोन बोटं.

"इथेच गेला तुमचा सेंटिमीटर," त्या म्हणाल्या.

टेप भुवयांच्या लगेच वर, कपाळाचा जो भाग सगळ्यात पुढे येतो तिथून न्यायची, कानांच्या वरून, आणि मागे डोक्याचा जो फुगवटा सगळ्यात बाहेर आलेला असतो त्याच्यावरून. लहान बाळाचा तो फुगवटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळ्याच उंचीवर असतो, म्हणून टेप वर-खाली करून शोधावा लागतो. टेप न ताणणारी हवी. केस दाबले जातील इतपत घट्ट, कातडीत रुतेल इतकी नाही. हे सगळं त्यांनी बोलून सांगितलं नाही, करून दाखवलं. बाळ माझ्या मांडीवर, एक हात त्याच्या हनुवटीखाली, टेप गुंडाळली, आकडा वाचला, काढली. पुन्हा गुंडाळली. पुन्हा काढली. ४०.६, ४०.८, ४०.७.

कार्डावर लिहिलं ४०.८.

मी न राहवून म्हटलं, "सरासरी ४०.७ येते." आमच्यात तीन मापं घेतली की सरासरी काढतात, त्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

"सरासरी नाही घ्यायची. मोठा आकडा घ्यायचा. आपल्याला सगळ्यात मोठा घेर हवाय. टेप फुगवट्यावरून घसरली की आकडा कमीच येणार, जास्त नाही."

हे मला परतीच्या वाटेवर उमगलं आणि इतकं आवडलं की काही वेळ पोराची काळजीच विसरले. आमच्याकडे चूक दोन्ही बाजूंना होते, कधी अधिक, कधी उणे, म्हणून सरासरी चालते. इथे टेप नीट घट्ट असेल तर चूक एकाच बाजूला पडते. अशा चुकांची सरासरी काढली तर आपण चूकच पक्की करतो. मी आणि ती कार्ड भरणारी व्यक्ती, दोघींनी टेप एकाच चुकीच्या जागी धरली होती आणि म्हणून आमचे आकडे जुळले होते. दोन साक्षीदार एकच खोटं बोलले की ते खरं वाटतं. टेपची चूक पकडल्याच्या आनंदात मी हातांची चूक विसरले.

३९.४ वरून ४०.८. दीड सेंटिमीटरला थोडं कमी. वाढीच्या तक्त्यातल्या मधल्या रेषेच्या अगदी जवळ, म्हणजे निम्मी मुलं जिच्या वर आणि निम्मी खाली असतात तिच्या.

ती रेषा कुठून येते तेही मग शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजली. निवड चोखंदळ होती: आईचं दूध पिणारी, आई सिगारेट न ओढणारी, वाढीला आडकाठी येणार नाही अशा घरांतली. डोक्याच्या घेराचे तक्ते २००७ मध्ये आले. मुलग्यांची मधली रेषा जन्माला ३४.५, तीन महिन्यांना ४०.५, सहा महिन्यांना ४३.३, वर्षाला ४६.१, दोन वर्षांना ४८.३, पाच वर्षांना ५०.७. मुलींची जवळपास प्रत्येक टप्प्यावर अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरनं खाली. वर्षाच्या मुलग्याचं डोकं साधारण ४३.५ ते ४८.६ यांच्यामध्ये असलं तर ते या तक्त्याच्या दोन प्रमाण विचलनांच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या, आत असतं. पाच सेंटिमीटरची ऐसपैस पट्टी आहे ती. आणि तिच्याबाहेरही शंभरातली दोन-दोन धडधाकट मुलं दोन्हीकडे असणारच, कारण रेषा आखल्याच तशा आहेत.

म्हणजे एका आकड्यावर फार जोर द्यायचा नाही. किती जोर पडू शकतो ते झिका विषाणूच्या साथीच्या वेळी ब्राझीलमध्ये दिसलं; आईला गरोदरपणी तो झाला तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं. लहान डोक्याची बाळं जन्मतःच हेरायला आधी ३३ सेंटिमीटरची सीमा धरली होती. ती इतकी वर होती की निरोगी बाळंही ढिगानं जाळ्यात येऊ लागली, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये ती ३२ वर आणली. एका सेंटिमीटरनं किती घरांतली झोप परत आली असेल. तोच सेंटिमीटर, जो मी केसांच्या रेषेपाशी हरवला होता.

जन्माच्या पहिल्या दिवसाचा आकडा तर मी आता कुणाच्याही कार्डावर गंभीरपणे घेत नाही. आमच्याच पोराचं पहिल्या दिवशी ३३.३ आणि तिसऱ्या दिवशी ३४.२ होतं. वाटेतून येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, डोकं मागे ओढल्यासारखं निमुळतं होतं आणि मग दोन-तीन दिवसांत आपोआप उलगडतं. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजायचं, नाहीतर दोन महिने आधी आलेलं बाळ विनाकारण तळाच्या रेषेवर जाऊन बसतं.

हे सगळं कशासाठी मोजायचं, तर आत मेंदू वाढतोय का ते बघायला. कवटी स्वतःहून वाढत नाही, मेंदू तिला ढकलतो. जन्माला तो साडेतीनशे-चारशे ग्रॅम, वर्षाला नऊशेच्या आसपास, मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे. पण घेर हा मेंदूचा तसा लांबचाच नातेवाईक. तेवढाच ऐवज गोल डब्यात घातला आणि लांबट डब्यात घातला तर लांबट डब्याचा घेर जास्त भरतो. म्हणून चेपलेल्या किंवा लांबुळक्या डोक्याचा आकडा घाट बघितल्याशिवाय वाचू नये. आमच्या खिडकीप्रेमी पोराला मग मी जागेपणी पालथं घालू लागले आणि खाटेवर त्याची दिशा रोज बदलू लागले. झोपताना उताणंच, त्यात तडजोड नाही. चेपलेली बाजू सावकाश भरून आली.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली तेव्हा गाडी उलट्या दिशेनं गेली. सहा महिन्यांची असताना ४४.७. मुलींची मधली रेषा त्या वयाला ४२.२ असते. ही शंभरातल्या सत्त्याण्णवाव्या रेषेच्याही वर. तिचे कपडे तिच्या वयाचेच घ्यायचे, पण डोक्यातून घालताना गळा कानांवर अडायचा आणि आतून संतापाचा आवाज यायचा. शेवटी खांद्यावर बटणं असलेलेच कपडे उरले.

बाईंनी या वेळी बाळाआधी नवऱ्याला खुर्चीवर बसवलं. ६०.५. मग मला. ५४. मोठ्या पुरुषांचं डोकं सरासरी ५७ च्या आसपास असतं, बायकांचं ५५ च्या. माझा नवरा हेल्मेटच्या दुकानात गेला की मोठ्या मापाच्या फडताळाशी जाऊन उभा राहतो, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण हा पुरावा आहे हे सुचलं नव्हतं. "बापाचं डोकं आहे," बाई म्हणाल्या. तरी तेवढ्यावर सोडलं नाही. टाळूतून सोनोग्राफी केली. टाळू उघडी असेपर्यंत मेंदू असा बघता येतो, ती जणू खिडकीच. मेंदूभोवतीचं पाणी जरासं जास्त, आतले कप्पे नेहमीसारखे. काही करायचं नव्हतं, महिन्या-महिन्यानं मोजत राहायचं होतं.

कशावर नजर ठेवायची तेही त्यांनी सांगितलं: रेषा ओलांडत वर जाणारा आलेख, बाळ शांत, उभं धरलेलं असतानाही फुगलेली ताठ टाळू, वारंवार उलट्या, सुस्ती, आणि डोळे खाली वळल्यासारखे होऊन वरचं पांढरं दिसणं. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं. आमच्या लेकीचा आलेख सत्त्याण्णवाव्या रेषेच्या वर, पण तिला समांतर, रुळावरून गेल्यासारखा गेला. दीड वर्षापर्यंत ती चालताना आधी डोकं पुढे, मग बाकीची ती अशी पडायची. त्यात नवल नाही म्हणा, जन्मताना डोकं अंगाच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठेपणी आठव्याच्या जवळ येतं. छाती डोक्याच्या घेराला गाठते तीच मुळी वर्षाच्या सुमाराला.

नातेवाइकांचं एक ठरलेलं असतं. मोठं डोकं दिसलं की "हुशार होणार", लहान दिसलं की धीर द्यायला "मूर्ती लहान पण कीर्ती महान". तुर्गेनेव्हचा मेंदू भरला २,०१२ ग्रॅम आणि आनातोल फ्रान्सचा १,०१७. दोघंही थोर लेखक, आणि एकाला तर नोबेलसुद्धा मिळालं. कोणाला, तर हलक्या मेंदूवाल्याला. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे गं, तरी आपल्या नातीचं मोठंच बरं."

पाच वर्षांनंतर डोकं फार हळू वाढतं, दहा-बारा वर्षांत पाच-सहा सेंटिमीटर, आणि विशीच्या आत कारभार आटोपतो. मोठेपणी घेर वाढायचं काही कारण नसतं. म्हणून तर जेम्स पेजेट या इंग्लिश शल्यविशारदानं वर्णन केलेला रुग्ण मला विसरता येत नाही. त्याची टोपी १८४४ मध्ये साडेबावीस इंचांची होती आणि १८७६ मध्ये सव्वासत्तावीस. हाडं जाड होत जाणारा विकार, पुढे पेजेटच्याच नावानं ओळखला गेला. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर बत्तीस वर्षांची एवढी सुरेख नोंद कुणी मुद्दाम ठेवली नव्हती. ती टोप्यांनी ठेवली.

मुलगा आता सात वर्षांचा आहे. प्रयोगशाळेत तपासलेली, न ताणणारी एक टेप घरात कायमची आहे, कप्प्यात, पाकिटात, वर तारीख घालून. गेल्या रविवारी ती त्याला सापडली आणि त्यानं सगळ्यांची डोकी मोजायचं काढलं. बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "भुवयांच्या वरून घे, तीनदा मोज, सगळ्यात मोठा आकडा लिही." त्यानं टेप एका कानाखालून दुसऱ्या कानावरून तिरकी नेली, मध्ये एक बोट घातलं, आणि वहीत लिहिलं: ६३, ५८, ७१.